तो पॅरारेस्क्यूचा फॉरवर्ड डिलीट करा, आधी डिलीट करा

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामेभावाने टाकलेला फॉरवर्ड असा: "अमेरिकन एअर फोर्सला पॅरारेस्क्यूसाठी जवान मिळेनात, तिकडची पोरं नाजूक झालीत, आता भारतीय पोरांना थेट भरती आणि सिटिझनशिप, फक्त पाण्याखाली दोन मिनिटं श्वास धरता आला पाहिजे, आजपासून प्रॅक्टिस करा." पॅरारेस्क्यू म्हणजे पॅराशूटने उतरून जखमींवर उपचार करणारे आणि त्यांना सोडवून आणणारे तिकडच्या एअर फोर्सचे जवान. असलं काही आलं की मी सोडून द्यायचे. पण रविवारी ताईचा फोन आला, भाचा रोज सकाळी टँकवर एकटा जातोय, काठावर मोबाईलचा टायमर लावून तळाशी बसतोय. एकोणीस वर्षांचा आहे तो.

तर आधी हेच. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. बुडी मारायच्या आधी भराभर खोल श्वास घ्या असंही त्या फॉरवर्डमध्ये पुढे लिहिलंय, त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, ऑक्सिजन फारसा वाढत नाही, आणि गुदमरल्यासारखं वाटायच्या आधीच शुद्ध जाते. धडपड नाही, आवाज नाही, वरून बघणाऱ्याला वाटतं पोरगा शांत बसलाय. पट्टीचे पोहणारे असे गेलेत. टेक्सासला लॅकलंडच्या हवाई तळावर ट्रेनिंगला आलेली पॅरारेस्क्यूची पोरं पाण्यात असतात तेव्हा काठावर इन्स्ट्रक्टर डोळ्यात तेल घालून उभे असतात. आमच्या पोराजवळ कोणी नव्हतं, लाइफगार्ड गेटवर पावत्या फाडत होता.

थेट भरती साफ खोटी. अमेरिकन एअर फोर्सचे स्वतःचेच नियम आहेत, पॅरारेस्क्यूसाठी अमेरिकन नागरिक असावं लागतं आणि सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागतो. म्हणजे आधी नागरिकत्व, मग ही नोकरी. हां, ग्रीन कार्डवाले तिकडच्या सैन्यात जाऊ शकतात, त्यांना नागरिकत्व लवकर मिळतं, आणि 'मॅव्हनी' नावाच्या स्कीममध्ये ग्रीन कार्ड नसलेले काही डॉक्टर आणि ठराविक भाषा येणारे घेतले होते हेही खरं, पण ती २०१६ मध्येच थांबली.

माणसं कमी पडतात हे मान्य. पण पोरं नाजूक झाली म्हणून नाही, ट्रेनिंगमध्ये शंभरातले ऐंशीच्या आसपास गळतात हे वर्षानुवर्षं चाललंय. ट्रेनिंगच दोनेक वर्षांचं, पॅराशूट, डायव्हिंग आणि वर पूर्ण पॅरामेडिकचं शिक्षण, त्यामुळे एक तयार जवान सोडून गेला की ती जागा पुढच्या महिन्यात भरत नाही. आणि मुळात हे काम उपचाराचं आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये आपल्या आसाममधल्या छाबुआहून चीनला निघालेलं विमान बर्माच्या जंगलात पडलं, तेव्हा डॉक्टर फ्लिकिंजर आणि दोन वैद्यकीय सैनिक पॅराशूटने जखमींजवळ उतरले, तिथून ही शाखा आपली सुरुवात मानते.

भाच्याला सांगितलंय, एकट्याने पाण्यात उतरायचं नाही, आणि हेच काम करायचं असेल तर आपल्या एअर फोर्सचे गरुड कमांडो २००४ पासून आहेत, शत्रूच्या हद्दीत पडलेल्या वैमानिकाला सोडवून आणणं हे त्यांच्याही कामात येतं, त्याची माहिती काढ. मामेभावाला दोनदा फोन केला, पोस्ट अजून ग्रुपवर तशीच आहे.