सर्व्हर चालू आहे

विद्यार्थी मंडळांच्या वेबसाइटना फुकट जागा द्यायची आणि ती जागा ज्या सर्व्हरवर आहे तो चालू ठेवायचा, एवढंच आमच्या गटाचं काम. चालवणारेही विद्यार्थीच. पगार नाही, परीक्षा मात्र सगळ्यांसारख्याच. आमची हद्द नियमावलीत लिहिलेली आहे: मशीन, लिनक्स, पीएचपी (वेबसाइट ज्या भाषेत चालतात ती) आणि डेटाबेस आमचा, थीम, प्लगइन (वेबसाइटला वरून जोडायचे तयार तुकडे), मजकूर आणि त्यातलं शुद्धलेखन तुमचं. दूध उतू गेलं म्हणून कुणी घरमालकाला झोपेतून उठवत नाही. आम्हाला उठवतात. कारण ती नियमावली आजवर फक्त लिहिणाऱ्यांनीच वाचली आहे.

मेल येते, "वेबसाइट चालत नाही. अर्जंट." कोणती वेबसाइट, ते नाही. विचारलं की फोटो येतो. लॅपटॉपच्या पडद्याचा, मोबाइलने काढलेला. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आहे, बोटांचे ठसे आहेत, वर उघडे असलेले सतरा टॅब आहेत. एररची ओळ तेवढी चौकटीबाहेर.

मग आम्ही एरर लॉग, म्हणजे सर्व्हरची चुकांची वही, उघडतो. तिथे बहुतेक वेळा एखाद्या जुनाट प्लगइनचं नाव असतं आणि पुढे तक्रार, की 'क्रिएट फंक्शन' नावाचं फंक्शन सापडत नाही. कसं सापडेल? पीएचपी ८.० मधून ते काढूनच टाकलंय, आणि ८.० आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. त्याआधीच्या ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत होत्या त्या नोव्हेंबर २०२२ पर्यंत. नंतर आम्हाला पुढे सरकणं भागच होतं. आगाऊ सूचनाही पाठवली होती, पण ती गेली खात्यावर नोंदवलेल्या सेक्रेटरीला. ते गृहस्थ कधीच पदवी घेऊन नोकरीला लागलेत.

"पण आम्ही तर कशालाच हात लावला नाही!" मंडळ कळवळून सांगतं. अगदी खरं आहे. कित्येक वर्षांत लावलेला नाही. तोच तर रोग.

इथून पुढे कसोटी लागते. प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं की वर्डप्रेसला, म्हणजे साइट ज्यावर उभी आहे त्या सॉफ्टवेअरला, एकही प्लगइन सापडत नाही आणि साइट निदान उघडते. अर्ध्या मिनिटाचं काम. आम्ही ते कसं करायचं हे लिहून पाठवतो आणि हात मागे घेतो. आमच्यातल्या एका भिडस्त नव्या मुलाला हात मागे घेणं जमलं नाही. त्याने स्वतःच करून दिलं, वर "अजून काही लागलं तर सांगा" असंही लिहिलं. लागलं! आधी लोगो जरा डावीकडे. मग लोगो होता तिथेच. मग फोटोंची गॅलरी, मग नावनोंदणीचा फॉर्म, मग फॉर्ममधली उत्तरं एक्सेलमध्ये. आता त्या मंडळाची नवी कमिटी निवडून आली की कार्यभारात पासवर्डबरोबर त्याचा फोन नंबरही सुपूर्द होतो. पासवर्ड हरवतो. नंबर हरवत नाही.

काही जण स्वावलंबी असतात. ते जास्त महागात पडतात. कुठेतरी वाचून सगळ्या फाइलींना ७७७ परवानगी देऊन मोकळे होतात, म्हणजे कुणीही यावं आणि काहीही लिहून जावं. आमचा सर्व्हर असली स्क्रिप्ट चालवायलाच नकार देतो आणि ५०० चा एरर फेकतो. लगेच मेल: "तुमचा सर्व्हर बंद आहे." सर्व्हर चालू आहे. नको तेवढा शहाणा आहे, एवढंच.

डोमेनचा पत्ता बदलणाऱ्यांना घाई असते. जुन्या नोंदीवर ८६,४०० सेकंदांची मुदत असेल, तर जगभरचे डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे, ती पूर्ण २४ तास लक्षात ठेवू शकतात. ते सर्व्हर आमचे नाहीत, हे सांगितलं की उत्तर येतं, "तरी तुमच्या ओळखीने काही होतंय का बघा ना."

अगदीच बिनसलं की शेवटची धमकी येते: "आम्ही पैसे मोजून दुसरीकडे जाऊ." एरवी आमचं उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात, याला आम्ही दहा मिनिटांत उत्तर देतो. फाइली कशा उतरवून घ्यायच्या, डेटाबेस कसा एक्सपोर्ट करायचा, नव्या जागी कुठली सेटिंग बदलायची, सगळं सविस्तर, शुभेच्छांसकट.

त्यावर त्यांची मेल येते. "धन्यवाद. हे एवढं तुम्हीच करून द्याल का? अर्जंट."