कुळाचार, सातबारा आणि दहा किलोमीटर

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या तरुणांनी येत्या हिवाळ्यात दहा किलोमीटरची दौड घ्यायचे ठरवले आहे आणि तिच्यातून जमणारा निधी निराधार मुलांसाठी द्यायचा आहे. दौड देवळासमोरून सुरू करावी की नाही, एवढ्या साध्या प्रश्नावर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू झाली आणि बघता बघता भलतीकडेच गेली. एका ज्येष्ठ मानकऱ्यांनी लिहिले, की अनाथ पोरांना मदत जरूर करावी, त्यांच्यासाठी धावावे, देवही प्रसन्नच होईल. मात्र ती पोरे कुळात आणण्याचे जे खूळ शहरांतून आले आहे त्याला देवळाचा आधार देऊ नये, कारण परक्या रक्ताला कुळाचार लागत नाही. त्यांना मी काका म्हणतो. आपला रोख माझ्यावर नव्हता, असे त्यांनी मला नंतर फोनवर सांगितले आणि माझा त्यावर विश्वासही आहे. परंतु आमची मुलगी दत्तक आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा विधान जसे चारचौघांत झाले तसे उत्तरही चारचौघांत दिलेले बरे.

दत्तक शहरांतून आले, हे म्हणणेच मुळात टिकत नाही. डलहौसीने १८४८ साली सातारचे राज्य खालसा केले ते दत्तक नामंजूर करून, आणि पुढे झाशीचेही तेच झाले, एवढे आपण शाळेत शिकतो. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर मला जे कळले ते मात्र शाळेत कोणी सांगितले नव्हते : त्या काळी खुद्द इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच नव्हता. तो झाला १९२६ साली. ज्या नात्याला त्यांच्या स्वतःच्या कायद्यात जागा नव्हती, त्याच्या वैधतेचा निवाडा ही मंडळी आपल्याकडे येऊन करीत होती.

अर्थात एवढ्यावरून छाती फुगवण्याचे कारण नाही. आपले जुने दत्तकविधान वंशासाठी, पिंडदानासाठी आणि वतनासाठी होते; म्हणून मुलगाच घेतला जाई आणि तोही शक्यतो भावकीतला. मूल हे त्यात साधन होते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला तेव्हा त्यांनी हा क्रमच उलटा केला आणि त्याबद्दल लोकांचे बोल खाल्ले. कायद्याला तिथवर यायला बराच वेळ लागला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी केली, आणि दत्तहोम झाला नाही तरी दत्तक वैधच राहील, हेही त्यातच लिहून ठेवले. संस्थेतून येणारी मुले आज २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली दत्तक जातात आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्याचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आदेश निघाला, की ते मूल त्या घरात जन्मलेल्या मुलासारखेच, यात दोन्ही कायद्यांचे एकमत आहे.

राहिला कुळाचार. मुलगी सव्वा वर्षाची असताना आम्ही, तेव्हा मुंबईत होतो, तिला पहिल्यांदा गावी नेले. गुरवकाकांनी तिचे नाव विचारले, गोत्राचा विषयही काढला नाही. विडा-नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणे घातले : “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घरात चेडू इला हा, तेका सांभाळ, तेच्या वाटेक खय काटो आसात तर तो दूर कर म्हाराजा.” जमलेल्या चौघांनी नेहमीच्या सुरात “व्हय म्हाराजा” म्हटले आणि काकीने पुढे होऊन पोरीच्या कपाळाला अंगारा लावला. देवाच्या दारात विषय तिथेच मिटला होता. तो पुन्हा निघाला तो दोन वर्षांनी, सामाईक कलमांच्या बागेच्या वाटपाची भाषा सुरू झाली तेव्हा.

माझा अनुभव आणि माझे मत असे, की कोकणात पोर वाढवताना रक्त कधी आडवे आलेले नाही. चाकरमानी मुंबईत आणि पोर आजीकडे, आई गेली म्हणून भाचा मामाकडे, अशी माणसे प्रत्येक वाडीत आहेत. आडवी येते ती सातबाऱ्यावरची वारसनोंद. हिश्श्याची काळजी माणसाला वाटणे स्वाभाविक आहे आणि तिच्यावर बोलताही येते. पण ती देवाच्या तोंडून वदवली, की बोलणेच खुंटते.

इकडे, बर्मिंगहॅममध्ये, आमच्या शेजारच्या चर्चमधली मंडळी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या मुलांसाठी धावतात. शनिवारी सकाळी ९ वाजता कॅनन हिल पार्कात ५ किलोमीटरची विनाशुल्क पार्करन असते, तिथे सराव करतात आणि मग ओळखीच्या प्रत्येकापुढे वर्गणीसाठी हात पसरतात. यात कोणाला संकोच वाटत नाही. १९८१ पासून चाललेल्या लंडन मॅरेथॉनमधून आजवर १ अब्ज पौंडांहून अधिक निधी उभा राहिला आहे तो अशाच निःसंकोच मागण्यातून. गुप्तदान श्रेष्ठ मानणाऱ्या आपल्या लोकांना हे दिखाऊ वाटते. मला वाटत नाही, कारण इथे दाखवला जातो तो धावणाऱ्याचा घाम. घेणाऱ्याचा चेहरा सहसा पुढे येत नाही.

तरी या देशाकडून सगळेच उचलावे असे नाही. १९४९ ते १९७६ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अविवाहित मातांची सुमारे १,८५,००० बाळे दत्तक दिली गेली आणि त्यांतल्या कितीतरी जणींवर कुटुंबाने, समाजसेवकांनी आणि धार्मिक संस्थांच्या प्रसूतिगृहांनी दडपण आणले होते. स्कॉटलंड आणि वेल्सच्या सरकारांनी २०२३ साली आपापल्या भागातल्या अशा दत्तकांबद्दल माफी मागितली. प्रार्थना म्हणणाऱ्यांनीच आईपासून लेकरू तोडले आणि वर तिने ते विसरावे असेही बजावले. श्रद्धेच्या नावाने मूल नाकारणे आणि श्रद्धेच्या नावाने मूल काढून घेणे, यांत मला फारसे अंतर दिसत नाही; दोन्हीकडे मोठ्यांची अब्रू आधी आणि पोर मागाहून.

माझा रत्नागिरीकडचा एक कोकणी मुसलमान मित्र इथे आहे, त्याच्याशी यावर बरेच बोलणे झाले. त्याच्या धर्मात यतीमाचा सांभाळ हे मोठे पुण्य आहे, पैगंबर स्वतः पोरके वाढले. मात्र मुलाच्या जन्मदात्या बापाचे नाव पुसू नये, असा दंडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कोणत्याही धर्माच्या माणसाला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येईल असा निर्णय दिला असला, तरी त्याच्या घरात हा दंडक पाळला जातो. पूर्वी मला तो कोरडेपणा वाटे. आता त्यात शहाणपण दिसते. इंग्लंडमध्ये दत्तक मुलासाठी त्याच्या आधीच्या आयुष्याची वही तयार करतात आणि १९७५ च्या कायद्यापासून प्रौढ दत्तक व्यक्तीला आपला मूळ जन्मदाखला मागता येतो. आमच्या मुलीचीही अशी वही आहे : पहिल्या पानावर संस्थेतल्या पाळण्याचा फोटो, खाली तिथल्या मावशींच्या अक्षरात तिचे वजन आणि तिला पेज आवडते ही नोंद. ती पेज अजूनही आवडते, फक्त आता वर मेतकूट लागते.

आता दौडीविषयी. आमच्याकडे तयार होऊन आलेल्या फ्लेक्सच्या नमुन्यावर शेजारच्या बालगृहातल्या मुलांचे फोटो आहेत. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा नसता तरी शाळेतल्या सोबत्यांनी चौकात आपला फोटो पाहावा, असे कोणत्या पोराला वाटेल?

परदेशस्थांकडून वर्गणी मागितली आहे, तिच्यातही अडचण आहे. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी आपल्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले त्यांची देणगी मात्र परकीय अंशदान ठरते आणि परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला ती घेता येत नाही. म्हणजे माझ्याकडून चालेल, माझ्या भावाकडून नाही.

आणि पैसे जावेत कुठे? बालगृहांतल्या अनेक मुलांची आई किंवा बाप हयात असतो. घरी सांभाळणे झेपत नाही म्हणून मूल तिथे पोहोचते. महाराष्ट्र सरकारच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलाला घरीच वाढवण्यासाठी महिना २,२५० रुपये मिळतात, वर्षाला २७,०००. पण ते मिळवायला काजूच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या विधवेने मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड गोळा करावे, जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, बाल कल्याण समितीपुढे जावे आणि प्रत्येक खेपेला मजुरी बुडवावी. आमच्या गावच्या तीन वाड्यांत अशा आया असणारच. दौडीच्या निधीतून त्यांचे एस्टीचे भाडे, बुडालेला रोज आणि अर्ज भरून देणाऱ्या एका जाणत्या मुलीचे मानधन द्यावे, अनुदान सुरू होईपर्यंतचा खर्च उचलावा, असे मी तरुणांना कळवले आहे. दौड देवळासमोरूनच निघावी, गाऱ्हाणे गुरवकाकांनी घालावे आणि नारळ काकांच्याच हातून फुटावा, हेही त्यांना लिहिले आहे. फ्लेक्सवर मुलांच्या जागी मार्गाचा नकाशा छापावा, आणि हिशेब आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.