‘पाइप मोठे टाका, सल्लागार कशाला?’

सध्या एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. सारांश असा: पावसाचं पाणी शहरात तुंबलं की पाइप दुप्पट करा, उरलेलं शोषखड्ड्यांत आणि सच्छिद्र फरशीत मुरवा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाची भीती घालणारे सल्लागार एसीत बसून रंगीत नकाशे काढतात, आणि त्यांच्या ‘स्पंज सिटी’चं, म्हणजे पावसाचं पाणी स्पंजासारखं शोषून धरणाऱ्या शहराचं, चीनमधल्या झेंगझोऊमध्ये काय झालं ते जगाने पाहिलं. मी याच सल्लागारीवर, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे करून, पोट भरतो, तेव्हा माझ्या बोलण्यात स्वार्थ आहे हे आधीच धरून चला.

‘पाइप दुप्पट करा.’ गणित इथे मजकूरवाल्यांच्या बाजूने आहे, त्यांना वाटतं त्याहून जास्त. उतार तोच ठेवून गोल पाइपचा व्यास दुप्पट केला, तर त्यातून जाणारं पाणी दुप्पट नाही, सहापटीहून अधिक होतं. आणि इथेच घोडं पेंड खातं. हे पाणी पुढच्या चौकातल्या जुन्या पाइपच्या तोंडाशी येऊन थडकतं. आपला रस्ता कोरडा, खालच्या वस्तीत गुडघाभर. शिवाय वाहिनी जिथे नदीत सुटते ते तोंड पुरात बुडालं, की पाइप केवढा आहे याला फारसा अर्थ उरत नाही. नदी शहरातल्या सखल रस्त्याहून वर चढली आणि तोंडाशी एकेरी झडप नसली, तर तोच मोठा पाइप नदीला आत यायला वाट करून देतो.

म्हणून आम्ही आधी विचारतो, पाणी जिथे पडतं तिथेच किती अडेल? तासाला ५० मिमी पाऊस एका हेक्टरवर पडला तर सेकंदाला साधारण १३९ लिटर पाणी होतं. डांबरी पार्किंगवरून त्यातलं १२५ लिटरच्या आसपास लगेच वाहून येतं. तीच जमीन सपाट हिरवळीची असेल तर तिशीच्या आत. पाइपच्या आकारावर भांडण्याआधी हा फरक बघायला हवा.

‘शोषखड्डे घ्या, पाणी मुरेल.’ कुठे मुरेल? आम्ही खड्डा खणतो, पाणी ओतून माती भिजवून घेतो, पुन्हा भरतो आणि आत उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा दर दहा मिनिटांनी वहीत लिहितो. चिकणमातीच्या एका जागी तासाभरात आकडा हललाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्याच पाण्यात बेडूक बसला होता. त्या जागेच्या आराखड्यात आठ शोषखड्डे काढून ठेवलेले! अशा ठिकाणी पाणी टाकीत धरून बारीक तोंडातून हळूहळू सोडावं लागतं. जमीन रसायनांनी दूषित असेल तर मुरवणं हाच अपराध, कारण ती घाण भूजलात उतरते. सच्छिद्र फरशीचं म्हणाल तर तिची छिद्रं धुळीने बुजतात. ती वेळोवेळी यंत्राने ओढून साफ करणारं कुणी नसेल, तर काही वर्षांत ती साधी फरशी होते.

‘शंभर वर्षांचा पाऊस म्हणजे नुसती भीती.’ हा शब्दप्रयोग वाईट आहे, कबूल. त्याचा अर्थ एवढाच की तेवढा पाऊस कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का. तीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत तो निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के होते.

‘एसीत बसून सॉफ्टवेअर.’ या कामातलं सर्वांत रुळलेलं सॉफ्टवेअर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं आहे, १९७१ पासूनचं, आणि फुकट आहे. ते चालवायचे पैसे कुणी देत नाही. त्यात काय भरायचं ते ठरवायचे देतात, आणि त्यासाठी चेंबरची झाकणं उघडावी लागतात. एकदा नकाशावर पाणी पूर्वेला वाहत होतं. लेव्हल घेतली तर पूर्वेकडच्या चेंबरचा तळ ९ सेंटिमीटर वर. उलटा उतार! दर पावसाळ्यात गाळ काढत होते, आणि पाणी दर पावसाळ्यात तिथेच थांबत होतं.

आता झेंगझोऊ. २० जुलै २०२१ रोजी तिथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला. बागा आणि सच्छिद्र रस्ते नेहमीच्या पावसासाठी असतात. एवढं पाणी त्यांनी गिळावं अशी अपेक्षाच चूक, आणि तसं वचन कुणी दिलं असेल तर ते त्याहून चूक. मर्यादेपलीकडचं पाणी कुठून जाणार, ते वेगळं ठरवावं लागतं. २ जुलै २०११ च्या ढगफुटीत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन बुडाली. पुढच्या वर्षी आलेल्या आराखड्यात भूमिगत बोगदे आहेत, तसेच मुसळधार पावसात मुद्दाम पाणी वाहून नेणारे रस्ते आणि पाणी साठवणारी उद्यानंही आहेत. पाइप की बाग असा वाद तिथे घातला गेला नाही.

मजकुरातला एक टोमणा मात्र मी खोडणार नाही: ‘अहवाल छापील साच्याचे असतात.’ असतात काही. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका जाडजूड अहवालात मधल्याच पानावर दुसऱ्याच प्रकल्पाचं नाव राहिलं होतं. आठ शोषखड्डे त्याच अहवालातले.