एक लाखासाठी कोणी जीव देत नाही

“शेतकरी कर्जापायी मरत नाहीत, घरच्यांना सरकारी एक लाख मिळावेत म्हणून मरतात. उरलेले दारूपायी. हा मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न आहे, न्याय-अन्यायाचा नाही.” अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. तो आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही आला. त्याच गटात माझी मावसबहीण आहे. तिचा नवरा यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू कापूस करायचा, आज तो नाही. त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

पैशाचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याहून निर्दय त्या मजकुरात काही नाही. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखापैकी ३० हजार हाती येतात आणि ७० हजार ठेवीत जातात, तेही प्रकरण ‘पात्र’ ठरले तर. त्यासाठी कुटुंबाच्या नावे शेतजमीन हवी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले हवे आणि वसुलीचा तगादाही हवा. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तलाठ्याकडचे उतारे, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे सुनावणी. माझ्या बहिणीच्या घरावर कृषी केंद्राची उधारी होती आणि गावातल्या विनापरवाना सावकाराचे देणे होते. अशा कर्जाचा कागद तिने आणायचा कुठून? प्रकरण ‘अपात्र’ ठरले. भूमिहीन मजुराचे तर प्रकरणच उभे राहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशभरात शेतीक्षेत्रातील ११,२९० आत्महत्या नोंदवल्या, त्यांपैकी ६,०८३ शेतमजुरांच्या होत्या. एकट्या महाराष्ट्रातील आकडा ४,२४८ आहे आणि त्यातही शेतमजूर आहेत. ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नाही, ती माणसे कोणत्या एक लाखाकडे पाहून गेली, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

दारूचे म्हणाल, तर काही घरांत व्यसन असते, हे नाकारत नाही. परंतु अर्थतज्ज्ञ श्रीजित मिश्रा यांनी राज्य शासनासाठी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात आत्महत्या झालेल्या कुटुंबांची तुलना त्याच भागातील इतर शेतकरी कुटुंबांशी केली, तेव्हा पहिल्यांवर कर्ज कितीतरी जास्त आणि मालमत्ता कमी आढळली. एका घरात अनेक कारणे एकत्र येतात, हेही त्यांनी दाखवले. त्यांतले एकच उचलून मेलेल्या माणसाच्या माथी मारायचे, ही सोयीची चलाखी आहे.

मनाच्या दुबळेपणाचा मुद्दा अर्धवट खरा आहे, एवढेच की खचलेल्या माणसाला उपचार आणि समुपदेशन लागतेच. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे ११५ वे कलम, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरते आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरवते. कायद्याला जे कळले ते या मजकुराला कळत नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथला आत्महत्यांचा दर मोठ्या प्रमाणात घटला. तेथील लोक अचानक कणखर झाले नव्हते, शासनाने निर्णय घेतला होता. सिंचन, पीकविमा, वेळेवर मिळणारे पीककर्ज आणि विधवेच्या नावे सातबारा, हे निर्णयही शासनाच्याच हातात आहेत.

अशा मजकुराने सर्वांत मोठे नुकसान होते ते आज कर्जात बुडालेल्या माणसाचे. लोक आपल्याला लोभी किंवा दारुडा ठरवतील या भीतीने तो कोणाशी बोलत नाही. त्याने बोलावे म्हणून टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. गटावरचा तो मजकूर काढून हा क्रमांक टाकावा, अशी विनंती मी गटचालकाला केली आहे.