पर्टेक, स्कझी आणि अठरा बिटांचा घोळ : धुळ्याच्या वाचकांस उत्तर

सप्रेम नमस्कार, भाऊ.

पीडीपी-११/७३ या डेक कंपनीच्या जुन्या संगणकाला नऊ-ट्रॅक टेप ड्राइव्ह (रिळावरची चुंबकीय टेप वाचणारे-लिहिणारे यंत्र) जोडण्यावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. ‘५० तारांच्या दोन केबली लावल्या की काम झाले’ हे वाक्य घातक आहे. यंत्र कोसळण्याचे खापर मी ड्राइव्ह सोडून उगाच कंट्रोलरवर, म्हणजे ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या कार्डावर, फोडले. आणि २४०० फुटांच्या रिळात १५ एमबीच मावते हा माझा हिशेब चुकला.

पहिला आक्षेप निमूटपणे मान्य करतो. पर्टेक, म्हणजे टेप ड्राइव्ह कंट्रोलरला जोडण्याची जुनी पद्धत; या जोडणीला ५० तारांच्या दोन पट्टी-केबली लागतात, आणि जुन्या स्कझीची (डिस्क वगैरे जोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीची) केबलही ५० तारांचीच असते. पण दोन्हींतील संकेतांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पर्टेकच्या दोन केबलींची आपापसांत चुकून अदलाबदल होऊ शकते, हेही मी लिहायला हवे होते. शिवाय २२० आणि ३३० ओहमची टर्मिनेटर जोडी (टोकाशी पोहोचलेले संकेत उलटे परतू न देणारे रोध) साखळीतल्या शेवटच्या ड्राइव्हवरच ठेवायची असते, याचा उल्लेख राहून गेला. ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. ड्राइव्ह सदोष असता तर तो सगळीकडेच अडखळला असता. प्रत्यक्षात आरटी-११ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सिंगल-जॉब (एका वेळी एकच काम चालवणाऱ्या) मॉनिटरखाली, ज्याचा सारा कारभार पहिल्या ५६ केबीत चालतो, तेच रीळ शेवटपर्यंत विनातक्रार वाचले गेले. आरएसएक्स-११एम ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून तेच रीळ वाचायला घेतले की काही क्षणांत यंत्र कोसळे. माझ्याकडचे कंट्रोलर कार्ड १८ बिटांचे आहे, म्हणजे त्याला २५६ केबीपर्यंतचेच पत्ते ठाऊक आहेत, आणि ११/७३ चा क्यू-बस (कार्डे आणि मेमरी यांना जोडणारा तारांचा मार्ग) २२ बिटांचा, म्हणजे ४ एमबीपर्यंतचा आहे. आरएसएक्सने बफर (टेपवरची माहिती ठेवायची मेमरीतली जागा) २५६ केबीच्या वर दिला की हे कार्ड पत्त्याच्या वरच्या चार तारांना हात लावत नाही आणि टेपवरची माहिती थेट खालच्या मेमरीत, जिथे ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः बसलेली असते, तिथे ओतते. जास्तीची मेमरी काढून यंत्र २५६ केबीवर चालवले, तेव्हा त्याच ड्राइव्हने आरएसएक्सखालीही सगळे रीळ वाचून दाखवले. खरी भीती वाचण्याची नाहीच, लिहिण्याची आहे : वाचताना यंत्र कोसळून निदान ओरडते तरी, पण लिहिताना हेच कार्ड चुकीच्या जागेवरचे बाइट उचलून मुकाट्याने टेपवर नेते आणि बॅकअप ‘यशस्वी’ म्हणून संपतो. म्हणून पडताळणीशिवायचा बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर आपला गुणाकार बरोबर आहे : २४०० फुटांचे २८,८०० इंच गुणिले दर इंचाला १६०० बाइट (१६०० बीपीआय) म्हणजे सुमारे ४६ एमबी. पण १६०० बीपीआयच्या टेपवर दर दोन ब्लॉकांमध्ये (एका वेळी लिहिलेल्या माहितीच्या तुकड्यांमध्ये) साधारण ०.६ इंच कोरी जागा सुटते. ५१२ बाइटचा ब्लॉक स्वतः जेमतेम एक तृतीयांश इंचाचा, त्यामुळे रिळाचा बहुतेक भाग पोकळीच खाते आणि हाती सुमारे १५ एमबी उरते. ब्लॉक ८१९२ बाइटचा धरला तर तेच रीळ ४० एमबी घेते. माझी रिळे एका जिनिंग मिलच्या जुन्या हिशेबांची आहेत आणि त्यांवरचे ब्लॉक ५१२ बाइटचेच आहेत. ब्लॉकचा आकार न सांगता आकडा दिला, ही माझी चूक.

आपण उरलेल्या रिळांविषयीही विचारले आहे. त्यांच्या डब्यांवर अजून कापसाची तूस बसलेली आहे, आणि ती ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडपर्यंत पोहोचली तर चांगल्या भागातही वाचनदोष येऊ लागतात. सध्या जळगावात पारा ४५ च्या आसपास आहे, पुढे पावसाळ्याची दमट हवा येईल. त्यामुळे ती रिळे दिवाळीनंतरच वाचायला घेणार आहे, आणि तोवर २२ बिटांचे कार्ड मिळते का ते पाहतो आहे.