आत्याला आम्ही अजून सांगितलंच नव्हतं

आमच्याकडं घरातलं कुणी अपघातात गेलं की आईला लगेच सांगत नाहीत. "पाय मोडलाय, दवाखान्यात नेलाय" एवढंच. पावणे गोळा होतात, शेजारच्या बायका उगाच चहा टाकतात, आणि गाडी गल्लीच्या तोंडाला आली की थोरलं कुणीतरी आत जातं.

आतेभावाच्या वेळी तेच ठरलं होतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतनं सेकंड शिफ्ट करून येताना तो रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागनं आदळला. पोस्टमॉर्टेम व्हायच्या आत एका लोकल चॅनेलनं व्हिडिओ टाकला आणि शेजारच्या पोराच्या मोबाइलवर आत्यानं तो बघितला. चेहरा ब्लर केला होता म्हणे. आईला ओळखायला चेहरा लागतोय व्हय?

"एकाच पायात बूट होता रे त्याच्या. दुसरा कुठं गेला?" दोन वर्षं झाली, ती हेच विचारतीय.

बातमी मी नंतर दहादा वाचली. 'काळाचा घाला', 'चिंधड्या', 'रक्तामांसाचा सडा', सगळं होतं. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नव्हता, दिवा नव्हता, अंधारात साधी झाडाची फांदीसुद्धा लावली नव्हती, याचा एक शब्द नाही. काळानं घाला घातला म्हटलं की ट्रॉलीवाला सुटला, ती तशीच रस्त्यावर येऊ देणारेही सुटले.

पत्रकार मित्र म्हणतो, "दाखवल्याबिगर लोकांना भीती बसत नाही." किती बसलीय ते दसरा चौकात सिग्नलला पाच मिनिटं उभारून हेल्मेटं मोज म्हटलं.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. 26 जानेवारी 2018 च्या रात्री शिवाजी पुलावरनं मिनीबस पंचगंगेत पडली, गणपतीपुळ्याहून परतणारी पुण्याकडची 13 माणसं गेली. क्रेननं बस वर काढतानाचे फोटो मीच तीन ग्रुपवर टाकले होते. त्या घरातल्या कुणाच्या मोबाइलवर ते गेले असतील, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. पण तेव्हा ब्रिटिशकालीन पुलाचा कठडा आणि पुरातत्त्वाच्या कायद्यात अडकून शेजारीच अर्धवट उभा असलेला पर्यायी पूल, यावरही बोललं गेलं. वाचताना पोटात कालवायचं, तरी ते छापायलाच हवं होतं. अपघात झाकून ठेवा असं माझं म्हणणं नाहीच. रस्त्याचं सगळं सांगा की. देहाचं कशाला?

जून 2025 मध्ये अहमदाबादला विमान पडलं, तेव्हा डीएनएसाठी रक्त द्यायला आलेल्या नातेवाइकांसमोरही चॅनेलवाल्यांनी बूम माइक धरलेलेच होते. म्हणजे हे गल्लीतल्या चॅनेलपुरतं नाही.

त्या चॅनेलवाल्याला मी फोन केला होता. "दादा, बघतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ खरंच दहाएक सेकंदांनी कमी झाला होता. सुरुवातीला ट्रॉलीची मागची बाजू दिसायची, तेवढी कापली होती. पाय अजून दिसतोय.