ई० ०४ आणि माझी चूक

ग्रंथालयाच्या पुस्तकांना चिकटवतात त्या, रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या आरएफआयडी टॅगवरच्या मागच्या लेखावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाचकांनी चांगली सणसणीत प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात अशी: "ताई, टॅगचा नंबर ई० ०४ ने सुरू झाला की चिप एनएक्सपीची स्लिक्स, हे तुमचं वाक्य धडधडीत चूक आहे. नंबर काय, कोणीही घालतो. एनटॅग २१३ मध्ये १८० बाइट असतात, तुम्ही १४४ लिहिता. आणि फोनमधलं फुकटचं ॲप सगळं सांगत असताना एवढं चऱ्हाट कशाला? आमच्या सोसायटीच्या गेटचं कार्ड तेवढं ॲपला दिसत नाही, म्हणजे ते बिघडलेलं असणार."

(नवख्यांसाठी: एनएक्सपी ही चिप बनवणारी कंपनी, स्लिक्स ही तिची ग्रंथालयाच्या टॅगमधली चिप, एनटॅग २१३ ही तिचीच दुसरी. नंबर हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर मोजून लिहितात: ० ते ९, मग ए ते एफ; अशा दोन खुणांचा एक बाइट.) पहिल्या मुद्द्यावर कान पकडते. ते वाक्य मी तसं लिहायला नको होतं. तुम्ही म्हणता त्याआधीच ते एका साध्या कारणाने चुकतं. ई० हा बाइट आयएसओ १५६९३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या प्रत्येक टॅगला असतो, त्यात कोणाचं काही विशेष नाही. पुढचा बाइट कंपनीचा: ०४ एनएक्सपी, ०७ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, ०२ एसटी. म्हणजे ई० ०४ वरून फार तर आडनाव कळतं. त्या घरात एसएलआय, स्लिक्स, स्लिक्स-२ अशी भावंडं आहेत आणि तिघांचाही तिसरा बाइट ०१ च. फरक चौथ्या बाइटमधल्या दोन बिटांत. स्लिक्सचे नंबर बहुधा ई० ०४ ०१ ५० असे दिसतात, स्लिक्स-२ चे ई० ०४ ०१ ०८ असे. माझ्या हाताखालून तोवर गेलेले सगळे टॅग स्लिक्सच होते, म्हणून मी डोळे मिटून नियम ठोकून दिला.

पण तुमचा खरा मुद्दा त्यापुढचा आहे: नंबरच खोटा असला तर? तो माझ्या डोक्यावर प्रत्यक्ष आदळलेला आहे, म्हणून सविस्तर सांगते.

इथे बडोद्यात दांडिया बाजारात एका मराठी मंडळाचं छोटं वाचनालय आहे. पुस्तकं चार हजारांच्या आसपास. टॅग चिकटवायचं काम दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. पहिले दोन रोल सुरळीत गेले. तिसऱ्या रोलची दोनेकशे पुस्तकं झाली आणि देवघेवीच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे दार मुकं झालंय." पुस्तक न नोंदवता बाहेर नेलं तरी गेट वाजेना. काकूंनी तेच पुस्तक पाच वेळा दारातून आत-बाहेर नेलं. टेबलावरच्या रीडरला मात्र टॅग छान दिसत होता, देणं-घेणंही होत होतं. मी अख्खी दुपार गेटच्या अँटेनाशी झटापट करण्यात घालवली. दोष तिथे नव्हताच.

संध्याकाळी टॅग रीडरवर ठेवून एकेक प्रश्न विचारायला बसले. नंबर: ई० ०४ ०१ ५०, अगदी सोवळ्यातला. मग "तुझी माहिती दे" ही आज्ञा, हेक्समध्ये २बी. उत्तरात मेमरीचे दोन बाइट आले, १बी आणि ०३. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण दोन्ही आकडे एकाने कमी सांगायची पद्धत आहे. १बी म्हणजे २७, त्यात एक मिळवून २८ ब्लॉक. ०३ मध्ये एक मिळवून ब्लॉकला ४ बाइट. २८ गुणिले ४, ११२ बाइट. स्लिक्सची वापरायची मेमरी तेवढीच असते. इथवर सगळं जुळलं.

मग मी त्याला घरची भाषा बोलून पाहिली. एनएक्सपीच्या चिपना काही खास आज्ञा कळतात. त्या आयएसओच्या प्रमाणात नाहीत, कंपनीच्या स्वतःच्या आहेत आणि आज्ञेमागे ०४ हा कंपनीचा बाइट जोडावा लागतो. बी२ म्हटलं की चिप दोन बाइटांचा एक यादृच्छिक आकडा देते, दर वेळी वेगळा. ए५ म्हटलं की चोरीचा इशारा चालू असल्यास तो ऐकवते, आणि आमचं गेट नेमकं हेच विचारत होतं. पहिल्या रोलच्या टॅगने बी२ ला पटापट आकडे दिले. तिसऱ्या रोलचा टॅग गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. ए५ लाही तेच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

विकणाऱ्याने आधी "रीडर जुना असेल" म्हणून हात झटकले. दोन्ही टॅग शेजारी ठेवून फोनवर उत्तरं दाखवली तेव्हा रोल बदलून दिला. चिकटवलेले दोनशे टॅग खरवडायचे कोणी? पुस्तकांची मलपृष्ठं फाटली असती. म्हणून गेटचीच सवय बदलली. आता ते एएफआय नावाचा एक बाइट बघतं: कपाटातल्या पुस्तकाला ०७, वाचकाने नेलेल्याला सी२. ही सोय आयएसओच्या प्रमाणातली असल्यामुळे त्या तोतयांनाही कळते. बिलावर अजून "स्लिक्स" असंच लिहिलेलं आहे, ती फाइल मी मुद्दाम ठेवली आहे.

तर तुमचं म्हणणं मान्य, पण त्यातून निघणारा अर्थ "नंबर बघूच नका" असा नाही. नंबर बघा, मेमरी किती सांगतो ते बघा, मग ज्या चिपचं नाव सांगतो तिलाच येणारं एखादं काम सांगा. तिसऱ्या पायरीला बहुतेक सोंगं गळतात. सगळी नाही. एनटॅगमध्ये कंपनीची ३२ बाइटांची डिजिटल सही असते, ती तपासता येते. पण ती कायम तीच राहते, त्यामुळे नंबर आणि सही दोन्ही उतरवून घेणारी नक्कल त्यातूनही सुटते.

आता १८० की १४४. दोन्ही. एनटॅग २१३ मध्ये चार-चार बाइटांची ४५ पानं असतात, म्हणजे १८० बाइट. पहिली चार पानं नंबर, कुलपाचे बिट आणि ओळखपट्टी यांची. शेवटची पाच कुलपं, मांडणी आणि पासवर्डची. मधली ३६ तुमची, ती १४४ बाइट. फ्लॅट घेताना बिल्टअप आणि कार्पेट विचारता ना, तसंच. मी कार्पेट लिहिला होता.

तिसऱ्या पानावर (मोजणी शून्यापासून) चिप स्वतःच हे सांगते: ई१ १० १२ ००. त्यातला १२ हेक्समध्ये आहे, म्हणजे १८, त्याला आठाने गुणा, १४४. गंमत पुढच्या भावंडाची. एनटॅग २१५ मध्ये वापरायचे बाइट ५०४, पण त्याच जागी ३ई असतं, म्हणजे ६२ गुणिले ८, ४९६. चिप स्वतःबद्दल आठ बाइट कमी सांगते! म्हणून तो आकडा बघून चिप ओळखणाऱ्यांचा घोटाळा होतो. त्यापेक्षा ६० (हेक्समध्ये) ही आज्ञा द्या. आठ बाइटांचं उत्तर येतं, त्यातला सातवा बघा: ०एफ असेल तर २१३, ११ असेल तर २१५, १३ असेल तर २१६.

मराठीत लिहिणाऱ्यांनी हे बाइट आणखी जपून मोजावेत. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. "ग्रंथालय" हा एक शब्द २४ बाइट खातो. स्लिक्सच्या ११२ बाइटांत अशी ३७ चिन्हं बसतात, एका बऱ्यापैकी लांब शीर्षकात टॅग भरला. मंडळाच्या कार्यकारिणीतल्या एका काकांचा हट्ट होता की टॅगमध्ये लेखक, शीर्षक, प्रकाशन वर्ष सगळं हवं. मी फक्त दाखल क्रमांक घातला. बाकीचं नोंदवहीत. इथल्या मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीसाठी सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डेनना अमेरिकेहून बोलावलं, खालच्या कपाटांपर्यंत उजेड पोचावा म्हणून तिथे काचेची जमीन आहे. पण तिथेही पुस्तकाची ओळख शेवटी एका क्रमांकावरच. काकांना हा दाखला पटला. बाइटांचं गणित पटलं नव्हतं.

फोनच्या ॲपबद्दल. ॲप चांगलं आहे, मीही वापरते. पण फोनला फक्त १३.५६ मेगाहर्ट्झचं ऐकू येतं. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग त्याला दिसत नाही, तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमधला. आणि त्या प्रकारच्या टॅगमध्ये तर फसायला जास्त वाव आहे. तिथे मेमरीचे चार कप्पे असतात: पासवर्डचा, ईपीसीचा, टीआयडीचा आणि वापरणाऱ्याचा. साधा रीडर जो लांबलचक नंबर दाखवतो तो ईपीसी, आणि कुलूप नसेल तर तो कोणीही पुन्हा लिहू शकतो. चिपची ओळख टीआयडीत, तो कारखान्यातच पक्का होतो. ई२८० ११६० दिसलं तर इम्पिंजची मोन्झा आर६, ई२०० ३४१२ दिसलं तर एलियनची हिग्ज-३. पहिलीत वापरणाऱ्याचा कप्पाच नसतो, दुसरीत ५१२ बिट असतात. कपड्यांच्या दुकानातले उरलेले टॅग स्वस्तात आणून त्यात माहिती भरू बघणारे इथेच आपटतात.

राहिलं तुमचं सोसायटीचं कार्ड. ते बिघडलेलं असतं तर गेट उघडलं नसतं. ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचं आहे, फोनला ती पट्टी ऐकूच येत नाही. कार्डावर दहा आकडी नंबर आणि शेजारी स्वल्पविरामाचा दुसरा नंबर छापलाय का पाहा, समजा ०००६८३०२९३ आणि १०४,१४५४९. हे दोन नंबर नाहीत, एकच आहे. १०४ ला ६५५३६ ने गुणून १४५४९ मिळवा, ६८३०२९३ येतं. तुमच्या कार्डावर हा हिशेब जुळला तर ते ईएम ४१०० जातीचं आहे असं धरायला हरकत नाही. त्यात एकूण ६४ बिट: ९ सुरुवातीचे, ४० नंबरचे, १४ तपासणीचे, १ शेवटचा. पासवर्ड नाही, लिहायला जागा नाही. रीडरसमोर आलं की नंबर बडबडत राहतं, आणि तो ऐकून कोऱ्या टी५५७७ कार्डावर उतरवायला मिनिटभर पुरतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

कार्ड पातळ असेल तर रात्री मागून फोनचा टॉर्च लावा. बारीक तारेचं दाट गोल वेटोळं दिसलं तर १२५ किलोहर्ट्झ. कडेकडेने चौकोनी चार-पाच फेरेच दिसले तर माझा अंदाज चुकला, मग काय दिसलं ते इथेच लिहा.